पेठेची ईर्ष्या

श्रीरामपुरात ब्राझील दोन वाटांनी येतो. पहिली वाट साखरेची. तिकडे ऊस जोरात आला की इकडे चहाच्या टपरीवर हिशोब सुरू होतो, यंदा साखरेचा भाव पडणार का. दुसरी वाट चार वर्षांतून एकदा उघडते. वर्ल्डकप आला की पिवळे टी-शर्ट निघतात, डीपी बदलतात आणि महिनाभर आम्ही सगळे ब्राझीलचे. नेमार, विनिसियस ही नावं पोरांना तोंडपाठ. पण नेमार ज्या सांतोसमध्ये घडला, विनिसियस ज्या फ्लामेंगोत वाढला, त्या क्लबांमागे कोण माणसं उभी असतात? हरल्यावर त्यांच्यापैकी कोण जेवत नाही? हे विचारलं की शांतता. क्लब म्हणजे आमच्यासाठी टीव्हीवरचं माद्रिद किंवा मँचेस्टर.

उत्तरासाठी एवढं लांब जायची गरज नाही. आपल्याच राज्यात एक शहर आहे, जिथे फुटबॉल टीमच्या नावात बहुतेक वेळा 'एफसी' नसतं, 'तालीम' असतं. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. शिवाय शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ, फुलेवाडी, प्रॅक्टिस. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला वाटेल, ही गणपती मंडळांची यादी आहे. आणि त्याचं फारसं चुकलेलंही नाही.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण कोल्हापूरची तालीम लाल मातीपुरती कधीच राहिली नाही. तिथे गणपती बसतो, मोहरमला पंजे बसतात, शिवजयंतीची मिरवणूक तिथून निघते, गल्लीतलं भांडण तिथे मिटतं (किंवा तिथेच सुरू होतं). २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचा पूर शहरात शिरला, तेव्हा याच मंडळांची पोरं मदतीला धावली. त्यामुळे फुटबॉल आला तेव्हा त्याला नवं घर बांधावं लागलं नाही. पेठ होती, पेठेची पोरं होती, आणि शेजारच्या पेठेशी जुनी खुन्नसही होती. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, छत्रपती घराण्याचा हात पाठीवर राहिला आणि या खुन्नसीला वेळापत्रक मिळालं.

कोल्हापुरात या भावनेला ईर्ष्या म्हणतात. शब्दकोशात बघाल तर मत्सर, हेवा असा अर्थ सापडेल. कोल्हापुरी ईर्ष्येत तेवढंच नसतं. 'आपण कमी पडायचं नाही' हा तिचा खरा अर्थ. मंगळवार पेठेतलं पाटाकडील आणि शिवाजी पेठेतलं शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमची गॅलरी उन्हातही भरते. टीम हरली तर माणूस घरी जाऊन चॅनल बदलू शकत नाही. दुसऱ्या दिवशी दूध आणायला, दाढी करायला, कामावर जायला त्याला त्याच शहरातून फिरायचं असतं आणि समोरच्या पेठेतला कुणीतरी भेटणारच असतो. ब्राझीलचा टी-शर्ट घालून हरण्यात असली काही किंमत मोजावी लागत नाही.

आता परत आमच्या गावाकडे येतो, कारण एक प्रश्न मला बरेच दिवस छळतोय. श्रीरामपूर हे रेल्वेनं वसवलेलं गाव. दौंड-मनमाड लाइन १८७८ साली सुरू झाली, बेलापूर गावापासून दूर स्टेशन पडलं आणि त्याभोवती बेलापूर रोड नावाची वस्ती वाढली. तीच पुढे श्रीरामपूर झाली, स्टेशनाचं नाव मात्र बेलापूरच राहिलं. मग प्रवरेच्या कालव्यांचं पाणी आलं, ऊस आला, हरेगावला साखर कंपनी आली. साओ पाउलोत फुटबॉल रुजला तो अशाच मालमसाल्यातून. तिथे चार्ल्स मिलर नावाचा तरुण १८९४ साली इंग्लंडमधून शिकून परतला, बरोबर फुटबॉल घेऊन आला आणि रेल्वे कंपनीत नोकरीला लागला. सुरुवातीला हा खेळ साहेबांचा आणि बड्या घरांचा होता. मग १९१० साली बोम रेतिरो या कामगार वस्तीत राबणाऱ्या पाच जणांनी आपला क्लब काढला. लंडनचा कोरिंथियन क्लब तेव्हा ब्राझीलच्या दौऱ्यावर आला होता, त्याचंच नाव उचललं. पहिला अध्यक्ष एक शिंपी होता.

मग तेच सामान असताना आमच्याकडे काही का शिजलं नाही? आधी मला वाटायचं, श्रीरामपूरला कोल्हापूरसारख्या जुन्या पेठा नाहीत, बाहेरून आलेल्यांचं बाजाराचं गाव आहे, म्हणून. पण बोम रेतिरोही उपऱ्यांचीच वस्ती होती, इटलीहून आलेल्यांनी भरलेली. मला आता वाटतं, ईर्ष्या प्रत्येक गावात असते, फक्त ती कुठे खर्च होते ते बघावं लागतं. कंपन्यांनी खंडानं घेतलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी आमच्या भागातले खंडकरी शेतकरी दशकानुदशकं भांडले. ज्या गावाची दोन-तीन पिढ्यांची जिद्द सातबाऱ्यावर लागली, त्यानं फुटबॉल का नाही खेळला असं विचारणं जरा उर्मटपणाचंच.

कोरिंथियन्सच्या समर्थकांना 'फिएल' म्हणतात, म्हणजे निष्ठावान. ते नाव त्यांनी हरण्यातून कमावलंय. १९५४च्या राज्य विजेतेपदानंतर पुढचं मोठं विजेतेपद मिळायला १९७७ उजाडलं. या दुष्काळातच, ५ डिसेंबर १९७६ला, रिओच्या माराकाना स्टेडियमवर फ्लुमिनेन्सविरुद्ध सेमीफायनल होती. साओ पाउलोहून चारशेहून जास्त किलोमीटर अंतर कापून सुमारे ७० हजार माणसं गेली, असं सांगतात. टीम पेनल्टीवर जिंकली आणि फायनल हरली. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९७७ला, बासिलियोच्या एका गोलनं पोंते प्रेताला हरवून दुष्काळ संपला.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. ब्राझीलमध्ये १९६४पासून लष्करी राजवट होती. १९८२च्या सुमारास कोरिंथियन्सच्या खेळाडूंनी क्लबात मतदान सुरू केलं. मॅचच्या आधी हॉटेलात डांबून घ्यायचं की नाही इथपासून सगळ्यावर मत घ्यायचं आणि स्टार खेळाडू असो की किट सांभाळणारा, मत एकच. सॉक्रेटिस हा डॉक्टर झालेला कप्तान त्यात पुढे होता. १५ नोव्हेंबर १९८२च्या निवडणुकीआधी टीमनं पाठीवर 'मत द्या' लिहिलेले शर्ट घातले. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षीही ते राज्याचे विजेते झाले. अध्यक्ष थेट जनतेनं निवडावा ही घटनादुरुस्ती एप्रिल १९८४मध्ये संसदेत पडली, तेव्हा सॉक्रेटिस बोलल्याप्रमाणे देश सोडून इटलीत खेळायला गेला.

कोल्हापूरच्या ईर्ष्येला असं वळण अजून मिळालेलं नाही. उलट तिची काळी बाजू दरवर्षी दिसते. मॅच संपली की दगड, बाटल्या, हाणामारी, मग पोलीस आणि गुन्हे. पेपरात 'समर्थकांचा राडा' अशी बातमी येते आणि विसरली जाते. ज्याच्यावर गुन्हा नोंद होतो तो वीस वर्षांचा पोरगा मात्र विसरू शकत नाही. पोलीस भरतीला चारित्र्य पडताळणी येते तेव्हा दगड कुठल्या पेठेसाठी मारला हे कुणी विचारत नाही. नेत्यांच्या नावाचे चषक आले, बक्षिसांच्या रकमा आल्या, नायजेरियाचे खेळाडू आले. खेळ वाढला हे खरं, बाहेरच्या खेळाडूंनी तो वेगवानही केला. पण समर्थकांचं ऐकायला कोण बसतं? गॅलरीतला माणूस हलगी वाजवायला हवा असतो, मत द्यायला नको असतो.

तरी याच मैदानांच्या शहरानं २०१७च्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळणारा अनिकेत जाधव दिला, कोलकात्याच्या मोहन बागानकडून खेळलेला निखिल कदम दिला. आणि वर्ल्डकपच्या वर्षी याच पेठांत नेमार आणि मेस्सीचे दुमजली घराएवढे कटआउट लागतात, ब्राझील आणि अर्जेंटिनावरून गल्ल्यांची वाटणी होते. वर्ल्डकप संपतो, कटआउट उतरतात. मग लीगचं वेळापत्रक येतं. पेठेतली पोरं त्यात आधी एकच तारीख शोधतात, आणि त्या दिवशी रजा टाकायची की आजारी पडायचं, एवढंच ठरायचं बाकी असतं.