व्हीलचेअर कोणासाठी घडली?

व्हीलचेअरवरचा पेशंट समोर आला की बरेचजण प्रश्न मागे उभ्या असलेल्या नातेवाइकाला विचारतात. "यांना जेवण जातं का?" खुर्चीतला माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, स्वतःचं बोलू शकतो. तरी नजर त्याच्या डोक्यावरून जाते. ही नुसती वाईट सवय नाही. खुर्चीची घडणही त्याला हातभार लावते, आणि त्या घडणीला इतिहास आहे.

स्पेनचा राजा दुसरा फिलिप गाऊटने जखडला होता. १५९५ सालच्या एका चित्रात त्याची खुर्ची दिसते: मागे कलणारी पाठ, पाय ठेवायची सोय, खाली लहान चाकं. ढकलायला नोकर. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बाथ या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी 'बाथ चेअर' आली. दिशा वळवायचा दांडा बसणाऱ्याच्या हातात असे, पण जोर दुसऱ्याचा. कधी निघायचं, ओळखीचं कोणी भेटलं तर किती वेळ थांबायचं, यासाठी त्याच्यावर अवलंबून राहायचं.

याला एक फार जुना अपवाद आहे. १६५५ मध्ये जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ स्टेफान फार्फ्लर या पाय लुळे असलेल्या तरुण घड्याळजीने स्वतःसाठी तीनचाकी गाडी बनवली. दातेरी चाकांची जुळणी करणं हा त्याचा रोजचाच धंदा; हाताने मूठ फिरवली की पुढचं चाक फिरे. आपल्याकडे रस्त्यावर दिसणारी हाताने चालवायची तीनचाकी सायकल याच तत्त्वावर चालते.

खरा बदल १९३३ चा. अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट या खाण इंजिनिअरचा अपघातात पाठीचा कणा मोडला होता. त्या काळच्या अवजड खुर्च्या मोटारीत मावत नसत, म्हणजे घराबाहेर पडणंच अवघड. त्याचा इंजिनिअर मित्र हॅरी जेनिंग्ज याने पोलादी नळ्यांची, बसायच्या जागेखाली फुलीसारखे दांडे असलेली आणि मिटणारी खुर्ची बनवली. मिटायची, गाडीत टाकायची, निघायचं. रुग्णालयात दिसणारी चकचकीत खुर्ची हिचीच वंशज.

पण ती सुमारे पन्नास पौंडांची, आणि पुढची कित्येक दशकं फारशी बदलली नाही. कंपनीची बाजारावर पकड इतकी, की १९७७ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला.

१९७८ मध्ये कॅलिफोर्नियात मॅरिलिन हॅमिल्टन ही तरुणी हँग ग्लायडरच्या अपघातात कमरेखाली लुळी झाली. मिळालेली खुर्ची तिला अजिबात आवडली नाही. ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांना तिने गळ घातली आणि त्यांनी अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, जवळजवळ निम्म्या वजनाची खुर्ची बनवली. पाठ बुटकी, रंग भडक. माझ्या मते रंगाचा भाग दुय्यम नाही. रुग्णालयाच्या सामानासारखी दिसणारी वस्तू वापरणाऱ्यालाही रुग्ण ठरवते; चांगल्या सायकलीसारखी दिसणारी खुर्ची गप्पांना विषय पुरवते. पुढे अशा काही खुर्च्यांच्या मागच्या मुठीही काढून टाकल्या गेल्या, म्हणजे न विचारता कोणी ढकलायला नको.

उरला प्रश्न उंचीचा. उभ्या माणसांच्या घोळक्यात बसलेल्याच्या डोळ्यांसमोर कमरेचे पट्टे येतात. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली डीन केमन यांची 'आयबॉट' दोन चाकांवर तोल सांभाळून बसणाऱ्याला उभ्या माणसाच्या नजरेपर्यंत न्यायची. पण किंमत मोटारीएवढी. काही वर्षांतच तिचं उत्पादन थांबलं आणि बऱ्याच काळाने पुन्हा सुरू झालं. आयआयटी मद्रासने २०१९ मध्ये उभं राहता येईल अशी 'अराइज' खुर्ची आणली.

आपल्याकडे मात्र खुर्ची घ्यायला बहुधा नातेवाईक एकटेच दुकानात जातात आणि सगळ्यांना चालेल अशी रुंद खुर्ची आणतात. शक्यतो ज्याला बसायचं आहे त्याला सोबत न्या, कंबरेचं माप घ्या, हात चाकांवर सहज पोचतात का ते पाहा. हात टेकायचे दांडे काढता येणारे किंवा पुढून आखूड असलेले मागा. लांब दांडे टेबलाच्या कडेला अडतात, खुर्ची आत सरकत नाही, आणि मग घरातले सगळे टेबलाशी जेवतात पण एकाचं ताट मांडीवर राहतं.