निबंधापासून ओसरीपर्यंत

गिरगावातल्या आमच्या वाचनकट्ट्यावर नवी मुलं आली की मी त्यांना १८४८ सालची मुंबई सांगते. त्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या पाठबळावर ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. एकाने निबंध लिहून आणायचा, सभेत वाचायचा आणि बाकीच्यांनी त्यावर वाद घालायचा. मंडळी कोण, तर लहानपणीच वडील गेलेले पारशी दादाभाई नौरोजी, तसेच मराठी आणि गुजराती घरांतले तरुण. मातीच्या बाहुल्या करणाऱ्याच्या घरात जन्मलेले, गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी पुढे या सोसायटीचे अध्यक्ष झाले.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यांचं पुढचं पाऊल. इंग्रजी न येणाऱ्यांसाठी त्यांनी मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक सभा उभ्या केल्या. मराठी सभेला व्याकरणकार दादोबा पांडुरंग लाभले, आणि १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघू लागलं. आपल्याला कळलं ते आपल्याच भाषेत शेजाऱ्याला सांगायचं, ही ओढ त्या पोरांना विशीत लागली होती!

१८४९ च्या ऑगस्टमध्ये गुजराती सभेत बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा तिथेच विरली नाही. पोरं घरोघर गेली, तुमच्या मुलींना तुमच्याच ओसरीवर शिकवू द्या म्हणून विनवू लागली. काही बापांनी जिन्यावरून ढकलून देण्याची धमकी दिली, अशी आठवण दादाभाईंनी म्हातारपणी सांगितली आहे. तरी ऑक्टोबरात शाळा सुरू झाल्या. ४४ पारशी मुली, २४ हिंदू मुली. शिकवणारे हेच तरुण, सकाळी, बिनपगारी. मराठी मुलींसाठी जगन्नाथ शंकरशेट यांनी आपली जागा दिली. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई वर्षभर आधीच या कामाला लागले होते.

इथवर ऐकून मुलं खूश होतात. मग मी विचारते, त्या सभेच्या बाकावर कोण नव्हतं? मुली नव्हत्या, हे लगेच कुणीतरी सांगतं. दुसरं उत्तर यायला वेळ लागतो: अस्पृश्य मानलेल्या जातींतली मुलं. सोसायटी निघून आठ वर्षं झाली, तेव्हा १८५६ मध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत नाव घालण्याची परवानगी मागितली, आणि त्याला प्रवेश मिळाला नाही.