निसर्गजन्य अम्लांपासून जलविद्राव्य बहुवारिके : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना : तळोदा-धडगाव परिसरात उन्हाळ्यात कैऱ्यांचे काप वाळवून आमचूर तयार केला जातो. त्याचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक व मॅलिक अम्लांचा असतो. निसर्गजन्य अम्लांपासून पाण्यात विरघळणारी बहुवारिकेही (पॉलिमर) करता येतात. धुलाईच्या पावडरीत व बॉयलरच्या पाण्यात क्षारांचे थर रोखण्यासाठी ती उपयोगी पडतात. मात्र 'मूळ नैसर्गिक, म्हणून बहुवारिक निरुपद्रवी' हे गृहीतक कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सायट्रिकपासून इटाकॉनिकपर्यंत : शेले यांनी 1784 मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक अम्लाचे स्फटिक मिळविले. ते तापविताना इटाकॉनिक अम्ल मिळते, हे 1830 च्या दशकात बाऊप यांना आढळले. पुढे जपानमध्ये किनोशिता यांना तेच अम्ल एका बुरशीत सापडले. 1959 मध्ये मार्व्हेल व शेफर्ड यांनी त्याच्या बहुवारिकीकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे बहुवारिक पाण्यात विरघळते. परंतु त्याचा कणा कार्बन-कार्बन बंधांचाच असल्याने सूक्ष्मजीवांना तो सहजासहजी तोडता येत नाही.

ॲस्पार्टिक अम्ल : ह्युगो शिफ यांनी 1897 मध्ये या अम्लाच्या संघननाचे निरीक्षण नोंदविले. सुमारे शंभर वर्षांनी, 1996 मध्ये, अमेरिकेतील डॉनलार कंपनीला पॉलिॲस्पार्टेटच्या निर्मितीसाठी हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या बहुवारिकाच्या कण्यात प्रथिनांप्रमाणे अमाइड बंध असल्याने त्याचे जैवविघटन होऊ शकते. तथापि निर्मितीत साखळीला फाटे फुटल्यास विघटन मंदावते. म्हणजेच बंधाइतकीच निर्मितीची पद्धतही निर्णायक ठरते.

महाराष्ट्रातील संदर्भ : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विकसित झालेले 'जलशक्ती' पाण्यात विरघळत नाही, तर फुगते. त्याचा एक घटक स्टार्च आहे, तर त्यावर जोडलेल्या साखळ्या संश्लेषित आहेत. एका घटकाच्या नैसर्गिकतेवरून संपूर्ण पदार्थाचा निवाडा करता येत नाही, हे येथेही दिसते.

निष्कर्ष : विरघळलेले बहुवारिक प्लास्टिकच्या पिशवीसारखे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची परीक्षा अधिक काटेकोर हवी. ओईसीडीच्या बंद बाटली चाचणीत 28 दिवस पाण्यातील विद्राव्य ऑक्सिजन मोजतात आणि सैद्धांतिक गरजेच्या किमान 60 टक्के ऑक्सिजन खर्ची पडणे अपेक्षित असते. हे मापन विंकलर पद्धतीने महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही शक्य आहे. तेव्हा बहुवारिक तयार केल्याची नोंद करताना त्याच्या विघटनाची नोंदही जोडणे, ही संशोधकाची जबाबदारी ठरते.