रेणूचा माग, रोगाचे निदान

‘मॉलिक्युलर इमेजिंग’ला हिंदीत ‘आणविक इमेजिंग’ म्हणतात. मराठी माणसाने ते वाचले तर तो भलताच अर्थ लावील. हिंदीतला ‘अणु’ आणि मराठीतला ‘अणू’ दिसायला सख्खे भाऊ असले तरी विज्ञानाच्या परिभाषेत त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आहेत. हिंदीने ॲटमला ‘परमाणु’ म्हटले आणि मॉलिक्यूलला ‘अणु’. मराठीने ॲटमला ‘अणू’ म्हटले आणि मॉलिक्यूलसाठी ‘रेणू’ हा स्वतंत्र शब्द घेतला. म्हणून तिकडचा ‘परमाणु बम’ इकडे ‘अणुबॉम्ब’ होतो आणि ‘आण्विक’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अणुभट्टी उभी राहते. रोगाचा शोध घेणाऱ्या या शाखेला मराठीत ‘रेणवीय’ म्हणायला हवे. ते का, हे ‘रेणू’ची कुळकथा सांगते.

रेणू म्हणजे धूळ, तसाच पराग. ‘चरणरेणू’ म्हणजे पायधूळ, आणि रेणुकेच्या नावातही हाच शब्द आहे. वैशेषिक दर्शनात दोन परमाणू मिळून द्व्यणुक होते, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि या त्र्यणुकालाच त्रसरेणू असे नाव आहे. मनुस्मृतीतली वजनांची यादी त्रसरेणूपासूनच सुरू होते. जाळीतून आलेल्या उन्हात जो बारीक कण तरंगताना दिसतो, तो त्रसरेणू. ‘त्रस्’ म्हणजे थरथरणे, हलणे. आपला ‘त्रास’ याच धातूतून आला. याचा अर्थ असा की, कवडशात दिसणारी धूळ ही डोळ्यांची शेवटची हद्द मानली गेली होती. लॅटिन ‘मोलेक्युला’चा अर्थ नुसता ‘छोटासा ढीग’. त्यात पाहण्याचा संबंध नाही. ‘त्रसरेणू’मध्ये मात्र किरण, कण आणि पाहणारा डोळा हे तिघेही हजर आहेत. रेणूला किरणांच्या मदतीने पाहणाऱ्या शास्त्रासाठी याहून चपखल शब्द मिळणार नाही.

एक्स-रे आणि सीटी स्कॅन मुख्यतः शरीराची रचना दाखवतात: गाठ कुठे आहे, केवढी आहे. रेणवीय तपासणी त्या गाठीचे वागणे दाखवते. ‘जीआयएसटी’ या पचनमार्गातल्या गाठीवर इमॅटिनिब हे औषध सुरू केले की गाठीचा आकार कमी व्हायला आठवडे-महिने लागतात, पण तिची साखर ओढून घेण्याची भूक काही दिवसांतच मंदावते. औषध लागू पडतेय की नाही, हे आकाराच्या आधी वागण्यातून कळते.

हे वागणे टिपण्यासाठी शिरेतून जे औषध देतात, त्याला डॉक्टर ‘ट्रेसर’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘माग काढणे’ हा वाक्प्रचार तयारच आहे. ‘माग’ आला ‘मार्ग’वरून, आणि ‘मार्ग’ आला ‘मृग’पासून. मार्ग म्हणजे मुळात रानातल्या जनावराची वाट. ‘मागोवा’ त्यातलाच, आणि आपले रोजचे ‘मागणे’सुद्धा शोध घेणे या अर्थाच्या ‘मार्ग्’ धातूतून निघाले. शिकाऱ्याला जनावर दिसत नाही, पावले दिसतात. स्कॅनरलाही रेणू दिसत नाही, त्याने वाटेत सोडलेला किरण दिसतो.

हा माग काढायला शिकवले हंगेरीत जन्मलेल्या जॉर्ज द हेवेशी यांनी. १९२३ मध्ये त्यांनी शेंगांच्या रोपांची मुळे किरणोत्सारी शिसे मिसळलेल्या द्रावणात ठेवली आणि ते मुळांत किती थांबते, खोडात, पानांत किती चढते हे मोजले. किरणोत्सारी शिसे झाडाच्या लेखी साध्या शिशासारखेच असते, हे या युक्तीचे मर्म. याच विद्येसाठी त्यांना १९४३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

तीच युक्ती पुढे साखरेवर चालवली गेली. कर्कपेशी ग्लुकोज अधाशासारखे खातात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले होते. ग्लुकोजच्या रेणूवर किरणोत्सारी फ्लोरिन बसवून केलेले एफडीजी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तयार झाले आणि ऑगस्ट १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माणसाला प्रथम दिले गेले. या फ्लोरिनचे अर्धायुष्य ११० मिनिटे, म्हणून ते विमानाने न्यावे लागले. पेशी एफडीजीला साखर समजून आत घेते, त्यावर फॉस्फेटचा शिक्का मारते, पण पुढची पायरी चालत नाही आणि रेणू आतच अडकतो. मग फ्लोरिनमधून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघेही नष्ट होतात आणि दोन किरण जवळपास विरुद्ध दिशांना सुटतात. रुग्णाभोवतीचे पेट स्कॅनरचे कडे ते एकाच वेळी टिपते. तपासणीला उपाशीपोटी या, इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहा, असे सांगतात ते यासाठीच: रक्तात आधीच साखर असली किंवा स्नायू राबत असले, तर मागात भेसळ होते.

आता ‘निदान’. वैदिक संस्कृतात ‘निदान’ म्हणजे बांधायचा दोर. बांधणे या अर्थाच्या ‘दा’ धातूतूनच ‘दाम’ आला. ‘दामोदर’ त्यावरून, आणि गोठ्यातले ‘दावे’सुद्धा. दोराचे टोक धरून खुंट्यापर्यंत जावे, तसे कार्याकडून कारणाकडे जाणे म्हणजे निदान. आयुर्वेदातल्या ‘माधवनिदान’ या ग्रंथाच्या नावात हाच अर्थ आहे. ‘उपचार’ म्हणजे जवळ जाणे, जवळ राहून सेवा करणे. पूजेतले षोडशोपचार ते हेच. ग्रीक ‘थेरापेइया’चाही अर्थ सेवा, देवाची आणि रुग्णाची.

निदान आणि उपचार एकाच जातीच्या रेणूंकडून करून घेणाऱ्या पद्धतीला ‘थेरानोस्टिक्स’ म्हणतात. तिच्यातल्या मूलद्रव्यांची नावे म्हणजे युरोपचा नकाशा आहे. जर्मेनियम म्हणजे जर्मनी. गॅलियम हे गॉल प्रांतावरून, म्हणजे फ्रान्स. लुटेशियम हे लुटेशियावरून, आणि लुटेशिया म्हणजे जुने पॅरिस. जर्मेनियम-६८ एका नळकांड्यात बंद असते; त्याचे अर्धायुष्य सुमारे २७१ दिवस. त्यातून गॅलियम-६८ निपजत राहते, ते अवघ्या ६८ मिनिटांत निम्मे होते. प्रयोगशाळेत ते धुऊन काढायचे आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात पेशींवर वाढणाऱ्या पीएसएमए या प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूवर बसवायचे. स्कॅनमध्ये गाठी उजळल्या की पत्ता पक्का झाला. मग तशाच रेणूवर गॅलियमच्या जागी लुटेशियम-१७७ बसवतात. त्याचे बीटा कण फार तर दोनेक मिलिमीटर जातात, म्हणून मारा गाठीवर होतो आणि आसपासचा भाग बराचसा वाचतो. अमेरिकेत या उपचाराला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. चेताअंतःस्रावी गाठींवरच्या अशाच उपचाराला २०१८ मध्ये मिळाली होती.

ही विद्या आपल्यापासून लांब नाही. परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर भाभा अणुसंशोधन केंद्राचे; ते १९६३ मध्ये सुरू झाले. देशातला पहिला पेट स्कॅनर २००२ मध्ये तिथेच बसला. लुटेशियम-१७७ ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होते. मुंबईच्या या टापूत काम एवढे पुढे गेले आहे. शब्द मागे राहण्याचे काहीच कारण नाही.

शब्दाने इथे फरक पडतो. एमआरआयच्या मूळ नावात ‘न्यूक्लिअर’ होते. लोक घाबरतात म्हणून ते गाळले गेले. आपल्याकडे ‘आण्विक तपासणी’ ऐकून रुग्णाच्या घरच्यांच्या पोटात गोळा येतो. तेव्हा रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रके लिहिणाऱ्या डॉक्टरांना विनंती आहे: ‘रेणवीय’ लिहा, ‘माग काढणारे औषध’ लिहा. आणि वाचकहो, तुमच्या माणसाला पेट स्कॅन सांगितला तर ‘कशाचा माग काढणार?’ हे जरूर विचारा. साखरेचा, पीएसएमएचा की आणखी कशाचा, यावर तपासणीचा सगळा अर्थ अवलंबून असतो, आणि हे समजून घेण्याचा रुग्णाला पुरता हक्क आहे.