आडवी बाटली, उभी बाटली

निवडणुकीच्या चिन्हांत दिवा, नांगर, घोडा असे पुष्कळ प्रकार आपण पाहिले आहेत. परंतु महाराष्ट्रात एक मतदान असे आहे की, त्याच्या मतपत्रिकेवर दोन बाटल्यांखेरीज काही नसते. एक बाटली उभी, दुसरी आडवी. दारूचे दुकान राहावे असे वाटणाऱ्याने उभीवर शिक्का मारावा, बंद व्हावे असे वाटणाऱ्याने आडवीवर. ज्या म्हातारीला अक्षरओळख नाही तिलाही हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. त्याचे उत्तर तिने घरात आयुष्यभर भोगलेले असते.

आमच्या चांद्याच्या जंगलमुलखात या प्रश्नाची मुळे फार खोल आहेत. चैत्रात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि घरेच्या घरे टोपल्या घेऊन रानात जातात. ती फुले खातात, विकतात आणि त्यांची दारूही गाळतात. गोंड-माडियांच्या घरी देवापुढे मोहाचे चार थेंब पडल्यावाचून कार्य पुरे होत नाही. ती दारू देवाची आणि पंगतीची. पुढे सरकारने अबकारीचा अंमल बसवला, १९१५ साली मध्यप्रांताचा कायदा झाला, आणि दारू ही ठेक्याची व महसुलाची वस्तू बनली. वाचकहो, खरा फरक येथे पडला. देवाची दारू सणापुरती असते. दुकानाची दारू रोज उघडते.

१९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली तेथे आरोग्याचे काम करू लागले. दारू हा रोगाइतकाच मोठा प्रश्न आहे, हे त्यांना गावोगाव दिसले. गावांनी आणि कार्यकर्त्यांनी मिळून दारूमुक्तीची चळवळ चालवली, आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली.

शेजारच्या चंद्रपुरात मात्र दुकाने चालूच होती. तेथे पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारने हा प्रश्न हाती घेतला. २०१० च्या डिसेंबरात हजारो बायका चिमूरहून पायी निघाल्या, त्या थेट नागपूरला, विधिमंडळाच्या अधिवेशनापर्यंत. त्या थंडीत, अंगावरच्या लुगड्यानिशी, घरची चूल शेजारणीवर सोपवून! पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. अखेर १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात बंदी लागू झाली. पण ती सहा वर्षे टिकली. चोरटी दारू वाढली, त्या धंद्यात बायका-मुले ओढली गेली, महसूल बुडाला, अशी कारणे देऊन २०२१ च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ती उठवली. ही कारणे अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. चोरटी दारू आम्हीही पाहिली आहे. परंतु बंदी घातली मुंबईने आणि उठवलीही मुंबईनेच, हे विसरता येत नाही.

म्हणून मला बाटलीच्या मतदानाचे मोल अधिक वाटते. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातील किंवा वॉर्डातील चौथा हिस्सा महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतले जाते. मात्र अट मोठी विलक्षण आहे. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्याहून अधिक मते पुरत नाहीत. यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. यादीत हजार बायका असतील तर पाचशे एक हव्यात. जी धानकापणीला परगावी गेली, जी सासरी गेली पण जिचे नाव माहेरच्या यादीत राहिले, जी वारली पण यादीतून गेली नाही, त्या सर्वजणी न येताच उभ्या बाटलीच्या पारड्यात बसतात. नवऱ्याच्या धाकाने घरी राहिलेलीचेही मत तिकडेच जाते!

दूर विलायतेत वेल्स नावाचा प्रांत आहे. तेथे १८८१ च्या कायद्याने रविवारी दारूचे गुत्ते बंद ठेवले होते. १९६१ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत मतदान सुरू झाले, आणि दर सात वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारण्याची सोय झाली. एकेक जिल्हा पालटत गेला. द्वायफोर हा शेवटचा, तोही १९९६ साली पालटला. आपल्याला तो निकाल रुचो न रुचो, तेथे आलेल्यांची मते मोजली गेली, आणि दार ज्यांनी लावले त्यांनीच ते उघडले.

आमच्या मुलखातही ही रीत अनोळखी नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावात बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने निर्णय होतात. एकाचेही मन वळले नसेल तर चर्चा पुढे चालते, घाई कोणालाच नसते. १९९६ च्या पेसा कायद्याने तर अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दारूवर बंदी वा नियंत्रण घालण्याचा अधिकारच दिला आहे. मोहाची पूजेपुरती दारू आणि धंद्याची दारू यांतील सीमारेषा मुंबईच्या कचेरीतून आखता येत नाही. गावाला ती नेमकी ठाऊक असते.

चंद्रपुरात दुकाने पुन्हा उघडली, म्हणजे बाटली आडवी करण्याचा मार्गही तेथील बायकांना पुन्हा खुला झाला. तो लांबचा आहे, सह्यांचा आहे, मतदारयादी तपासण्याचा आहे. वारलेल्यांची नावे काढवून घेणे, परगावी गेलेलीला निरोप धाडणे, भ्यालेलीला सोबत करणे, हे सारे त्यात आले. चिमूर ते नागपूर चालून जाणाऱ्या पायांना एवढी वाट काही जड जाऊ नये.