कऱ्हाकाठ

माझे आजोळ कऱ्हाकाठचे, मोरगाव आणि बारामतीच्या मधले. लहानपणी मे महिन्यात आम्ही "नदीवर" जायचो म्हणजे वाळूत खेळायला जायचो. नदीत पाणी असलेच पाहिजे, असे आम्हाला वाटतच नसे! आजी वाळूत हाताने झिरा खणायची आणि वाटीवाटीने हंडा भरायची. त्या पाण्याची चव अजून जिभेवर आहे.

मोठा झाल्यावर नकाशा घेऊन बसलो, तेव्हा या कोरडेपणाचे कारण कळले. निरेचा उगम भोरकडे, सह्याद्रीच्या ऐन माथ्याजवळ. कऱ्हा मात्र सासवडच्या पश्चिमेला, गराड्याच्या आसपासच्या डोंगरात उगम पावते. तिथपर्यंत येता येता पावसाचा जोर ओसरलेला असतो. पुढचा सगळा प्रवास पर्जन्यछायेतला. सासवड, जेजुरीचा परिसर, मोरगाव, बारामती करत ती सोनगावजवळ निरेला मिळते.

पण या किरकोळ नदीच्या काठी काय काय घडले बघा. सासवडला सोपानदेवांची समाधी, संगमेश्वर आणि चांगावटेश्वराची देवळे. पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये सासवडलाच वारले. सोमवती अमावास्येला जेजुरीचा खंडोबा पालखीतून याच नदीवर अंघोळीला येतो. मोरगावचा मोरेश्वर कऱ्हाकाठचा, मोरोपंतांनी आर्या रचल्या ती बारामतीही कऱ्हाकाठची. आणि आचार्य अत्रे १८९८ साली सासवडजवळच्या कोढीतला जन्मले. त्यांनी तर आत्मचरित्रालाच 'कऱ्हेचे पाणी' हे नाव दिले.

ब्रह्मदेवाचा कमंडलू लवंडला आणि नदी झाली, अशी कथा सांगतात. कमंडलू म्हणजे करा, म्हणून कऱ्हा. लग्नात करवलीच्या हातात असतो, तोच करा. त्यात पाणी मावते तरी किती? आजी म्हणायची, "देवानं कऱ्याएवढंच दिलंय, जपून वापरा."

आम्ही जपून वापरले नाही. जेजुरीजवळ नाझरे धरण झाले, ते गरजेचेच होते. पण खालच्या अंगाला वाळू उपसली गेली. वाळू पाणी धरून ठेवते. ती गेली तसे झिरेही गेले. पात्रात वेड्या बाभळी माजल्या. बारामतीच्या बागायत पट्ट्याला निरेच्या डाव्या कालव्याचे पाणी इंग्रजांच्या काळापासूनच मिळत होते. आता पुरंदरच्या शेतांना उपसा योजनेतून मुळा-मुठेचे, म्हणजे पुण्याने वापरून सोडलेले पाणी मिळते. पाणी दुसरीकडून येते म्हटल्यावर कऱ्हेकडे बघतो कोण? ती गावाची मागची बाजू झाली. राडारोडा टाकायची जागा.

माझ्या मामानेही तेच केले. पात्राच्या कडेला भर टाकून दोन खोल्या वाढवल्या. "इथं कुठं पाणी येतंय!" असे तो म्हणाला, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

सप्टेंबर २०१९ च्या शेवटच्या आठवड्यात वरच्या भागात तुफान पाऊस झाला. नाझरे भरून वाहू लागले आणि कऱ्हा दोन्ही थड्या भरून आली. काठच्या लोकांना रातोरात हलवावे लागले. मामाच्या त्या दोन खोल्यांत छातीएवढे पाणी होते. माणसे वाचली, पण आजीची लाकडी पेटी गेली. तिच्यात तिच्या हातची ओव्यांची वही होती. तिची नक्कल आमच्यापैकी कुणीही करून ठेवली नव्हती.

पूर ओसरल्यावर मामा बराच वेळ काठावर उभा होता. मग म्हणाला, "तिची जागा होती रे ती."

त्या खोल्या त्याने पुन्हा बांधल्या नाहीत. तिथे आता करंजाची चार झाडे आहेत. आजीच्या ओव्यांतल्या ज्या कुणाला आठवत असतील, त्यांनी मला कळवा. मला सहा आठवतात, त्यातल्या दोन अर्ध्याच.