व्हॅक्यूम पाइप आणि पर्ज व्हॉल्व्ह : बिघाड आणि दुरुस्ती

पेट्रोल इंजिन आयडलिंगवर असते तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन मात्र हवा आत ओढत असतात. त्यामुळे इन्टेक मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या वातावरणापेक्षा कमी दाब निर्माण होतो. यालाच ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. समुद्रसपाटीवर सुस्थितीतील इंजिनात तो साधारणपणे १८ ते २२ इंच पारा इतका असतो. उंची वाढली की दर हजार फुटांमागे तो सुमारे एक इंचाने घटतो. त्यामुळे मुंबईपेक्षा पुण्यात गेजचा काटा दीड-दोन इंच खाली दिसला, तर तो बिघाड समजू नये.

या दाबावर दोन महत्त्वाची कामे चालतात. बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेक बूस्टरला याच व्हॅक्यूमचे बळ मिळते. दुसरे काम टाकीतील पेट्रोलच्या वाफेचे. ही वाफ हवेत न सोडता कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवली जाते. इंजिन योग्य स्थितीत आले की संगणक पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि साठलेली वाफ इंजिनात जाऊन जळते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये आणि संपूर्ण देशाने १९७१ मध्ये नव्या मोटारींना अशी यंत्रणा सक्तीची केली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि दुचाकींच्या मालकांनाही ‘कॅनिस्टर’ हा शब्द परिचयाचा झाला.

लक्षणे

इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होऊन तडकते, प्लॅस्टिकचे जोड ठिसूळ होतात आणि पावसाळ्यात आडोशाला आलेले उंदीर पाइप कुरतडतात. पाइप फुटला की मोजमाप न झालेली हवा इंजिनात शिरते व मिश्रण पातळ होते. आयडलिंग वर-खाली होणे, ‘फुस्स’ असा आवाज येणे, चेक इंजिनचा दिवा लागणे ही त्याची लक्षणे होत. स्कॅनरवर बहुधा पी ०१७१ हा कोड दिसतो. पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला, तर पेट्रोल भरल्यानंतर लगेच गाडी सुरू होण्यास त्रास होतो. तो बंदच राहिला, तर पेट्रोलचा वास येऊ शकतो. प्रवाहातील दोषाला पी ०४४१, तर विद्युत जोडणीतील दोषाला पी ०४४३ हा कोड आहे.

तपासणी

प्रथम ब्रेक पाहावा. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे, नंतर ते दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. तसे न झाल्यास बूस्टर किंवा त्याचा पाइप सदोष असण्याची शक्यता असते. अशी गाडी चालवत गॅरेजमध्ये नेऊ नये, टो करून न्यावी.

त्यानंतर इंजिन थंड असताना सर्व पाइप हाताने वाकवून भेगा शोधाव्यात. जोडांवर ज्वालाग्राही क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, पण गरम इंजिनावर तिने आग लागू शकते. गॅरेजमधील स्मोक टेस्ट अधिक सुरक्षित. पर्ज व्हॉल्व्ह वीजपुरवठा नसताना बंद असतो. तो काढून हातपंपाने हवा दिली असता ती आरपार जाऊ नये. तोंडाने फुंकू किंवा ओढू नये, कारण आत पेट्रोलची वाफ असते.

दुरुस्ती

भेग टोकाशी असेल आणि लांबी पुरेशी असेल, तर खराब भाग कापून पाइप पुन्हा बसवता येतो. मधोमध फुटलेला पाइप बदलावाच. चिकटपट्टी किंवा एम-सील हा उपाय नव्हे. नवा पाइप त्याच आतील व्यासाचा घ्यावा. पर्जच्या मार्गावर इंधनाची वाफ सहन करणाराच पाइप हवा. पाण्याची नळी किंवा साधा सिलिकॉन पाइप तेथे टिकत नाही. ब्रेक बूस्टरचा पाइप कंपनीचाच असावा.

पर्ज व्हॉल्व्ह बदलताना बॅटरीची ऋण तार सोडावी, काम मोकळ्या हवेत करावे आणि काडेपेटी-सिगारेट दूर ठेवावी. व्हॉल्व्हवरील बाण असल्यास प्रवाहाची दिशा पाहून तो बसवावा. जुन्या व्हॉल्व्हमध्ये काळी भुकटी आढळली, तर कॅनिस्टर फुटलेला असू शकतो. तो न बदलता नवा व्हॉल्व्ह बसवला, तर तोही लवकरच अडकेल. शेवटी कोड पुसून गाडी काही दिवस चालवावी व पुन्हा स्कॅन करावी.

पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर ‘राउंड फिगर’साठी आणखी पेट्रोल भरण्याची सवय मात्र सोडावी. जादा पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरले की कोळसा निकामी होतो आणि काही रुपयांच्या सोयीपायी हजारोंचा खर्च मागे लागतो.